टोपणभर औषध

आमच्या ऑपरेशन थिएटरात बरणीकाका माझ्या आधीपासून होते. मी तिथली सिस्टर, म्हणजे कागदोपत्री थिएटर माझ्या ताब्यात. प्रत्यक्षात कुठला दिवा टपली मारल्याशिवाय लागत नाही, सकाळच्या पहिल्या केसला कुठल्या डॉक्टरांशी बोललेलं खपत नाही आणि कुठल्या कपाटाची किल्ली कुठल्या कपाटात असते, हे सगळं काकांच्या डोक्यात. मी नवी असताना त्यांना ट्रॉली लावायची माझी पद्धत समजावून सांगितली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं सिस्टर" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी ट्रॉली त्यांच्याच पद्धतीने लागलेली. ती माझ्या पद्धतीपेक्षा बरी निघाली, म्हणून मी गप्प बसले. काकांच्या "बरं"चा अर्थ "ऐकलं" एवढाच असतो, "करतो" असा नसतो, हे थिएटरात सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला त्याचं कौतुकच होतं.

बरणीकाका हे नाव कुणी पाडलं ठाऊक नाही. माणसाच्या पोटातून, मानेतून, कुठूनही जे काही कापून काढतात ते तपासणीला पाठवायचं असतं. ते ज्या बाटल्या-बरण्यांतून जातं, त्या भरायचं काम काकांचं. सकाळी आल्याबरोबर बेसिनजवळच्या ओट्यावर बाटल्या ओळीने मांडायच्या, प्रत्येकीत तुकडा सडू नये म्हणून फॉर्मॅलिन ओतायचं, झाकणं घट्ट करायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या. शाळा त्यांनी लवकर सोडली होती, पण अक्षर असं की डॉक्टरांनी लाजावं. तसं डॉक्टरांना लाजवायला फार चांगलं अक्षर लागत नाही म्हणा. फॉर्मॅलिनला ते "औषध" म्हणत. त्याच्या वाफेने आमच्या डोळ्यांतून पाणी यायचं, काकांना काही व्हायचं नाही. घरी मात्र हात दोनदा साबणाने धुतल्याशिवाय बायको त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसे. तुमच्या बोटांना मेलेल्या माणसांचा वास येतो, असं ती म्हणे. काका मला सांगायचे, मेलेल्यांचा नाही हो, बऱ्या झालेल्यांचा.

या औषधावर त्यांची एवढी श्रद्धा का, ते त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. ते थिएटरात नुसते झाडूपोछ्याला होते तेव्हाची गोष्ट. एका बाईच्या छातीतली गाठ काढून बाटलीत टाकली, आणि बाटलीत औषध घालायला कुणीतरी विसरलं. मध्ये सुट्ट्या आल्या. बाटली उघडली तेव्हा आतला तुकडा सडून त्याचा चिखल झाला होता. त्या बाईला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. चूक कुणाची होती देव जाणे, पण त्या वेळच्या सर्जननी काकांच्या हातात ती उघडी बाटली दिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वास येईल असं त्यांना पॅसेजमध्ये उभं केलं. त्या बाईचा नवरासुद्धा तिथून गेला. काका म्हणाले, तो माझ्याकडे बघून थुंकला नाही, याचंच मला नवल वाटलं. त्या दिवसापासून बाटल्या भरायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं आणि त्यांच्या हातून एकही तुकडा सडला नाही.

मग ते मशीन आलं.

टीबी म्हटलं की लोकांना खोकला आठवतो. पण हा आजार फुप्फुसातच घर करतो असं नाही. तो मानेच्या गाठींत बसतो, आतड्यात बसतो, पाठीच्या मणक्यात बसतो. तिथे थुंकी तपासून काही हाती लागत नाही; जिथे आजार आहे तिथलाच तुकडा किंवा पू काढून आणावा लागतो. आणि त्यात जंतू असतात मोजके, लपून बसलेले. पूर्वी तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून अंदाज बांधायचा, नाहीतर त्यातले जंतू प्रयोगशाळेत उगवतात का याची आठवडेच्या आठवडे वाट बघायची. नवं मशीन दोन तासांत सांगायचं: आहे की नाही. जंतूच्या पोटातला धागा शोधून काढतं म्हणे. दिसायला एवढंसं, कपाटाच्या एका कप्प्यात मावेल असं.

मशीनबरोबर ते चालवणारी एक मुलगी आली. कंत्राटावरची, शिडशिडीत, भराभर बोलणारी. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या मुख्य सर्जननी, तिचं नाव विचारायच्या आधीच तिला "मशीनवाली" करून टाकलं. ती थिएटरात येऊन आम्हाला सगळं समजावून गेली. सूक्ष्मदर्शकासाठीचा तुकडा नेहमीसारखा फॉर्मॅलिनमध्येच. मशीनसाठीचा तुकडा मात्र निळ्या झाकणाच्या बाटलीत, नुसत्या सलाईनमध्ये. त्यात फॉर्मॅलिनचा थेंबही पडता कामा नये. का पडता कामा नये, हे ती सांगणारच होती, तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांनी पुढची केस आत घ्यायला सांगितली आणि तिचं वाक्य तसंच राहिलं. काका म्हणाले, "बरं."

नंतर काकांनी मला त्यांच्या मनात काय होतं ते सांगितलं, म्हणून मला माहीत. ही कालची पोर. मांस मिठाच्या पाण्यात ठेवलं की काय होतं, ते हिने हुंगलंय का? शिपाई बाटल्या न्यायला येतो दुपार कलल्यावर. तोवर त्या गरम खोलीत ओट्यावर पडून. लॅबमधला फ्रीज आज चालू तर उद्या बंद. म्हणजे पुन्हा तुकडे सडणार आणि पुन्हा कुणालातरी टेबलावर घ्यावं लागणार. म्हणून काकांनी प्रत्येक निळ्या बाटलीत सलाईन भरून वर टोपणभर औषध घालायला सुरुवात केली. फार नाही. बाटलीच्याच टोपणाने मोजून, एक टोपण. नुसतं राखणीला. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. त्या खोलीत सगळ्यालाच औषधाचा वास. बाटलीतून आला तर कुणाला कळणार?

आता लोक म्हणतात, माणूस काळजीपोटी चुकला. काही म्हणतात, हेकटपणापायी. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं. काकांची काळजी आणि काकांचा हेका या दोन वेगळ्या गोष्टी मला कधी दिसल्या नाहीत.

मशीन "नाही" म्हणू लागलं. वॉर्डातून सिरिंजमध्ये थेट गेलेल्या पुवातून अधूनमधून "आहे" असं यायचं. आमच्या थिएटरातून गेलेल्या तुकड्यांतून कधीच नाही. हे कुणाच्या नजरेला आलं नाही, कारण तुकड्यात जंतू कमीच असतात हे त्या मुलीनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मशीन नाही म्हणालं म्हणजे आजार नाहीच असं धरू नका, असंही ती म्हणाली होती. पण नवं मशीन आलं की माणसं आपली अक्कल त्याच्यापाशी गहाण टाकतात. पूर्वी मोठे डॉक्टर नुसत्या संशयावर गोळ्या सुरू करायचे. आता ते मशीनचा कागद बघायचे आणि पेशंटला घरी पाठवायचे.

त्यात आमच्या लॉन्ड्रीमावशी आल्या.

मावशी तळघरात थिएटरच्या चादरी, गाऊन उकळून काढायच्या. काकांच्या औषधाचे डाग चादरींवर पडतात म्हणून त्यांचं आणि काकांचं रोज भांडण. जिना चढून वर यायच्या, डाग पडलेली चादर काकांच्या नाकासमोर धरायच्या आणि तुमच्या बायकोला धुवायला देऊ का असं विचारायच्या. काका म्हणायचे, द्या, पण मग जेवायला तुमच्याकडे येईन. एखाद्या दिवशी भांडण झालं नाही तर आम्हालाच चुकल्यासारखं वाटायचं. पुढे मावशींचा जिना चढणं कमी झालं. पाठ धरली म्हणायच्या. ओल्या चादरींचे बोजे उचलून कुणाची पाठ धरणार नाही? मग संध्याकाळी कणकण येऊ लागली, अंगावरचं मांस उतरलं. स्कॅनमध्ये पाठीचे दोन मणके खराब दिसले. टीबी असेल, नाहीतर दुसरं काही असेल. तुकडा काढल्याशिवाय सांगता येणार नाही.

तुकडा आमच्याच थिएटरात काढला. जाड सुईने, मावशींना पालथं झोपवून. नखाएवढा आला. दोन भाग करण्याइतकाही नव्हता, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी सगळाच मशीनच्या बाटलीत घातला. मावशींचा हात काकांनी धरून ठेवला होता. ते म्हणाले, तुमची बाटली शिपायाच्या भरवशावर नाही सोडत, मी स्वतः नेतो. आणि नेली. आणि आपल्या माणसाची म्हणून त्या बाटलीत त्यांनी एक सोडून दोन टोपणं औषध घातलं होतं.

मशीन म्हणालं, नाही. ही बातमी तळघरात घेऊन धावत गेले तेही काकाच. मशीनने पास केलंय तुम्हाला, म्हणाले. मावशींनी त्यांच्या हातावर साखर ठेवली.

मणक्याची झीज, असं ठरलं. पट्टा, वेदनेच्या गोळ्या आणि विश्रांती. मावशी घरी बसल्या. घरात त्या आणि मुलगा. मुलगा टायरच्या दुकानात कामाला. अधूनमधून निरोप यायचा की पाठ तशीच आहे, पाय जड पडतात. आम्ही म्हणायचो, वय झालं. आणि मग एका सकाळी मुलाने आणि शेजाऱ्याने त्यांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून दवाखान्यात आणलं. कमरेखाली पाय हलत नव्हते.

या वेळी स्कॅनच्या खोलीतच सुई घालून पाठीतला पू ओढला. तिथे काकांच्या बाटल्या नसतात. सिरिंजला टोपी लावली आणि ती तशीच मशीनवालीच्या हातात दिली. दोन तासांनी मशीन म्हणालं, आहे. थोडाथोडका नाही, भरपूर.

गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. नातेवाइकांना काय सांगायचं असतं, ते मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं: तेव्हा नव्हता, आता झालाय. पण थिएटरात आल्यावर त्यांनी हातमोजे काढून आपटले. तीच बाई, तीच पाठ, तेव्हा नाही आणि आता आहे. एक तर मशीन बिघडलंय, नाहीतर त्या पोरीला चालवता येत नाही. पांढरा हत्ती आणून बांधलाय दारात, म्हणाले. तिचं कंत्राट वाढवायचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी आला होता, त्यावर त्यांनी सही केली नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी थिएटरात आली. रडून आली होती, पण आमच्यासमोर रडली नाही. म्हणाली, मी माझ्याकडचं सगळं तपासलं, आता तुमच्याकडचं बघायचंय. बाटल्या कोण भरतं? मी अभिमानाने काकांकडे बोट केलं. तिने विचारलं, निळ्या बाटलीत काय घालता? काकांनी सलाईनची बाटली उचलून तिला दाखवली. एवढंच केलं. खोटं बोलले नाहीत, खरंही बोलले नाहीत. तिने सलाईनवरची तारीख वाचली, मान हलवली आणि गेली.

ती गेल्यावर ओटा पुसता पुसता काकांनी मला सहज विचारावं तसं विचारलं, समजा चुकून थोडं औषध पडलंच, तर मशीनचं काय बिघडतं? मी माझ्या तंद्रीत होते, कात्र्या मोजत होते. सांगून टाकलं की फॉर्मॅलिनचं कामच ते, सगळं गोठवून टाकायचं. जंतू मरतो, त्याचा तो धागा आवळला जातो, मग मशीनला तो सापडत नाही. तुकडा दिसतो चांगला ताजा, पण मशीनच्या दृष्टीने आत काहीच नाही. काका "बरं" म्हणाले. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तरी मला काय कळलं असतं?

काका नंतर म्हणाले की घरी गेल्यावर त्यांनी हात चार-चारदा धुतले आणि तरी स्वयंपाकघरात गेले नाहीत. बायकोने विचारलं, आजारी आहात का, तर हो म्हणाले. पहिला विचार त्यांच्या मनात आला तो असा: कुणाला कळणार नाही. उद्यापासून टोपण घालायचं बंद करायचं, मशीन आपोआप सुधारेल. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा खाली बघत सांगितलं, आणि मी तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्या विचारानेच त्यांना सगळ्यात जास्त लाजवलं, असं मला वाटतं. चूक हातून झाली होती. हा विचार मात्र मनाने केला होता. आणि तो त्यांनी अमलातही आणला. दोन-तीन दिवस निळ्या बाटल्यांत नुसतं सलाईन गेलं, आणि काका माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत राहिले.

पण थिएटरात रोज कुणाचा ना कुणाचा विषय निघतोच. मानेत गाठ असलेली एक कॉलेजातली मुलगी दुसऱ्याच आजाराच्या गोळ्या घेऊन सुजत चाललीय, असं कुणीतरी बोललं. तिच्या गाठीची बाटली काकांनीच भरली होती. मागच्या सगळ्या "नाही"च्या मागे एकेक माणूस होतं आणि त्यांना बोलवायचं तर कुणीतरी आधी तोंड उघडायला हवं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी मशीनवालीला खोलीत बोलावलं होतं. मीही होते. तिला ते सांगत होते की महिनाअखेरीपर्यंत सामान आवरून घे. दार वाजलं नाही. काका सरळ आत आले. इतक्या वर्षांत न विचारता त्या खोलीत शिरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "बाटलीत औषध मी घालत होतो."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारा पोरीला वाचवायला बघतोय. कुठल्या बाटलीत, म्हणून त्यांनी विचारलं.

"सगळ्या. पहिल्या दिवसापासून. टोपणभर."

डॉक्टरांचं हसू ओठांवर राहिलं तसंच राहिलं आणि मग हळूहळू गेलं. मुलगी उभी होती ती खुर्चीत बसली. म्हणून त्या तुकड्यांतले जंतू लॅबमध्ये उगवतही नव्हते, असं ती स्वतःशीच पुटपुटली. मग काकांकडे बघून म्हणाली, "मी सांगितलं होतं ना काका तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"सडेल म्हणून," काका म्हणाले.

ती उठली आणि अक्षरशः पळत लॅबकडे गेली, नावं काढायला. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. डॉक्टरांनीही आवाज चढवला नाही. खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि तिथूनच, तुम्ही चांगल्या हेतूने केलंत, असं म्हणाले. हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या जणांकडून ऐकलं की माझं डोकं फिरायची वेळ आली. काकांच्या तोंडावर ते म्हटलं की त्यांचा चेहरा थप्पड बसावी तसा व्हायचा. शिक्षा म्हणून त्यांना थिएटरातून काढून स्टोअरवर बसवलं. ते म्हणाले, एवढंच?

लोकांना फोन लावायचं काम मुलीने सुरू केलं, तेव्हा काकांनी तिच्याशेजारी बसायची परवानगी मागितली. तिने खुर्ची सरकवली. ती फोनवर बोलायची आणि काका ऐकायचे. काही जण दुसऱ्या दिवशीच आले. काहींनी दुसरीकडे तपासून गोळ्या सुरूही केल्या होत्या. ती कॉलेजातली मुलगी आईबरोबर आली, आणि तिच्या आईने काकांनाच लॅबचा रस्ता विचारला; त्यांनी तिला दारापर्यंत नेऊन सोडलं. एका घरी पेशंटच्या नणंदेने फोन उचलला. वहिनी गेल्या, म्हणाली, पोट फुगून गेल्या. मशीनवालीने फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावायच्या आधी काकांकडे एकदा बघितलं. काका उठून गेले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर उठून गेले असते.

मावशींकडे मात्र त्यांचं पाऊल वळेना. स्त्रियांचा वॉर्ड स्टोअरच्या वरच्याच मजल्यावर. मावशींच्या पायाचं बोट हलायला लागलंय, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. शेवटी एका सकाळी आले आणि म्हणाले, सिस्टर, सोबत याल का?

मावशी उताण्या, पाठीला कडक पट्टा. काकांना बघून त्यांनी विचारलं की स्टोअरवर आता कुणाच्या चादरी खराब करता? काका कॉटजवळच्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. टोपण, दोन टोपणं, तळघरात धावत येऊन दिलेली बातमी. मध्ये थांबले नाहीत. मावशींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, माझ्या बाटलीत दोन का?

"तुमची होती म्हणून," काका म्हणाले.

मावशी छताकडे बघत राहिल्या. मी मनातल्या मनात तयारी करत होते, रडल्या तर काय करायचं, ओरडल्या तर काय करायचं. त्या यातलं काहीच करत नव्हत्या. म्हणाल्या, "माझी माफी नंतर मागा. आधी माझ्या मुलाला सांगा."

काय सांगायचं, ते काकांना कळेना. मावशी म्हणाल्या, "तो म्हणतो, आता झालाय खरा टीबी, पण तेव्हा नव्हता. तेव्हाचं तुझं सोंगच होतं, कामाला जायला नको म्हणून. मशीन कशाला खोटं बोलेल, म्हणतो. मी त्याला सांगून सांगून दमले. त्याला सांगा, तेव्हाही होता."

संध्याकाळच्या भेटीच्या वेळी मुलगा दुकानातून तसाच आला, हातांना टायरची काळी पूड. काका सकाळचे त्याच स्टुलावर बसून होते. जेवायलाही उठले नव्हते. मुलगा दिसल्यावर उठले. आजूबाजूच्या कॉटवरच्या बाया, त्यांची माणसं, सगळ्यांच्या देखत त्यांनी सांगितलं. आवाज खाली ठेवला नाही. तुमच्या आईला तेव्हाही टीबी होता, मशीनला तो दिसला नाही कारण मी बाटलीत औषध घातलं होतं, तुमची आई खरं बोलत होती. मुलगा अंगाने दणकट. तो हात उचलणार असं वाटून मी दोघांच्या मध्ये सरकले. काकांनी मला डोळ्यांनीच बाजूला व्हा म्हटलं. त्यांना ती थप्पड हवी होती.

मुलाने हात उचलला नाही. तेव्हाही होता? असं त्याने विचारलं, आणि काकांनी होता म्हटल्यावर तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

"मी तिला दंडाला धरून उठवायचो," तो म्हणाला. "रोज सकाळी. संडासापर्यंत ओढत न्यायचो. पाय टाक, पाय टाक, म्हणायचो. ती पडायची तर मला वाटायचं, मुद्दाम पडते."

शेजारच्या कॉटवरची बाई तोंड फिरवून भिंतीकडे वळली. सगळं आपल्याच डोक्यावर घ्यायला काका आले होते, आणि त्यातलं अर्धं या पोराच्या डोक्यावर जाऊन पडलं होतं. ते आता कुणालाच उचलून परत घेता येणार नव्हतं.

मावशींनी मुलाचा हात धरायला हात पुढे केला. तो पोचला नाही.

"काका," त्या म्हणाल्या, "त्याला बसायला द्या."

काकांनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं. तो बसला आणि त्याने कॉटच्या दांडीवर डोकं टेकलं. काका कॉटच्या पायथ्याशी, मावशींच्या पायांजवळ उभे राहिले. भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत त्यांना कुणी जा म्हणालं नाही आणि कुणी थांबा म्हणालं नाही.